खिळ्यांचा भाव, डुकरिणीचा खटला आणि रॉबर्ट केनचे मृत्युपत्र

१/
नोव्हेंबर १६३९. बॉस्टन वसून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीच्या जनरल कोर्टापुढे गावातील एक अत्यंत धनवान व्यापारी आरोपी म्हणून उभा राहिला. खोट्या वजनमापांचा किंवा भेसळीचा आरोप त्याच्यावर नव्हता. त्याने माल फार महाग विकला, एवढीच तक्रार होती.

२/
त्याचे नाव रॉबर्ट केन. अमेरिकेच्या वसाहतकालीन इतिहासात हा गृहस्थ बहुधा दोन ओळींत आटोपला जातो: देवभक्त होता, पण लोभी होता. हे चित्र मला अपुरे वाटते. या धाग्यात त्याचे चरित्र सांगतो आणि त्यावरचे माझे मतही मांडतो. मत आरंभीच सांगून ठेवतो. कोर्टाने विचारलेला प्रश्न रास्त होता, दिलेली शिक्षा मात्र अन्यायाची होती. आणि तो प्रश्न किती तोकडा होता, हे केनच्याच मृत्युपत्रात दिसते.

३/
केनचा जन्म १५९५ मधला, इंग्लंडमधील विंडसर गावी. वडील खाटीक. दहाव्या वर्षी मुलाला लंडनमधील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला पाठवण्यात आले. १६१५ मध्ये तो मर्चंट टेलर्स या लंडनच्या प्रतिष्ठित व्यापारी संघाचा अधिकृत सदस्य झाला. दोन वर्षांनी अ‍ॅन मॅन्सफील्डशी विवाह झाला. अ‍ॅनच्या बहिणीचे पती जॉन विल्सन हे पुढे बॉस्टनच्या पहिल्या चर्चचे पाळक झाले. हे नाते लक्षात ठेवा; ते पुढे उपयोगी पडेल.

४/
केन प्युरिटन पंथाचा होता. इंग्लंडच्या चर्चमधील कर्मकांड कमी व्हावे, आचरण बायबलप्रमाणे शुद्ध व्हावे, असा या पंथाचा आग्रह. केनची निष्ठा वरवरची नव्हती. प्रवचने ऐकताना तो टिपणे काढी आणि त्याच्या अशा वह्या आजही उपलब्ध आहेत. जो माणूस दुकानात रोजकीर्द लिहितो, तोच चर्चमध्ये बसून पाळकाचा शब्द न् शब्द उतरवून घेतो. त्याच्या स्वभावाची किल्ली मला या सवयीत सापडते. पाप असो वा पैसा, हिशेब लेखी हवा.

५/
१६३५ मध्ये तो पत्नी आणि एकुलत्या मुलासह अमेरिकेला आला. आपण दोन ते तीन हजार पौंडांची मालमत्ता सोबत आणली, असे तो स्वतः सांगतो. बॉस्टनच्या बाजारचौकाजवळ त्याने दुकान थाटले आणि इंग्लंडहून येणारा माल विकू लागला. १६३८ मध्ये गावात एक लष्करी पथक स्थापन झाले, त्याचा पहिला प्रमुखही तोच. म्हणून समकालीन कागदपत्रांत तो ‘कॅप्टन केन’ म्हणून भेटतो.

६/
ज्या भूमीवर हे दुकान उभे राहिले, तिला तेथील मूळ रहिवासी शॉमट म्हणत. १६१६ नंतरच्या काही वर्षांत साथीच्या रोगांनी या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांची गावेच्या गावे ओस पाडली होती. त्या रिकाम्या झालेल्या किनाऱ्यावर १६३० ते १६४० या दशकात सुमारे वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये उतरले. त्यांना घर बांधायचे होते, शेत नांगरायचे होते. पण खिळा, कापड, लगाम, दोरा हे सारे महासागर ओलांडून येणार. जहाज उशिरा आले की भाव चढत.

७/
वसाहतीच्या चालकांना हा धोका आधीच दिसला होता. १६३३ मध्ये त्यांनी नियम केला की इंग्लंडमधील रोख किमतीवर एका शिलिंगमागे चार पेन्सपेक्षा अधिक नफा घेऊ नये. त्या काळी शिलिंग बारा पेन्सचा, म्हणजे कमाल नफा एक तृतीयांश. तेल, दारू, चीज यांसारखा प्रवासात नासणारा किंवा सांडणारा माल या नियमातून वगळलेला होता. परंतु १६३५ मध्ये, केन आला त्याच वर्षी, हा नियम रद्द झाला. ही तारीख या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे.

८/
१६३९ मध्ये केनवर ठेवलेला आरोप गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे. केनने काही मालावर शिलिंगमागे सहा पेन्सहून अधिक, म्हणजे ५० टक्क्यांवर नफा घेतला. काही मालावर आठ पेन्सहून अधिक, म्हणजे सुमारे ६७ टक्क्यांवर. आणि काही किरकोळ वस्तूंवर तर दामदुपटीहून जास्त. जुन्या नियमाच्या मापाने हे सारेच बेकायदा ठरले असते. पण नियम चार वर्षांपूर्वीच मागे घेतला गेला होता.

९/
शिक्षेवरून कोर्टात मतभेद झाले. गावोगावच्या लोकप्रतिनिधींना २०० पौंड दंड हवा होता. मॅजिस्ट्रेट १०० वर तयार होते. अखेर दंड २०० पौंडांचा ठरवून निम्मी वसुली लांबणीवर टाकली गेली आणि पुढे तो ८० पौंडांवर आला. सामान्यांचे प्रतिनिधी कठोर आणि वरिष्ठ मवाळ, ही फूट ध्यानात घ्या. तीन वर्षांनी हीच फूट एका डुकरिणीच्या निमित्ताने पुन्हा उघडी पडली.

१०/
मॅजिस्ट्रेट मवाळ का होते, याची कारणे विन्थ्रॉपने प्रामाणिकपणे दिली आहेत. नफ्यावर मर्यादा घालणारा कायदा अस्तित्वात नव्हता. सगळीकडे सगळेच असे विकत होते. आणि विकणारा व घेणारा यांच्यात न्याय्य भाव कोणता, याचा निश्चित नियम आजवर कुणाला सापडलेला नव्हता. याउलट केनचा अपराध वाढवणारी कारणे कोणती? तो जुना धर्मनिष्ठ, श्रीमंत, एकाच अपत्याचा बाप. त्याला पूर्वी समज दिलेली होती. आणि साऱ्या चर्चांचे डोळे या नव्या वसाहतीकडे लागलेले होते.

११/
ही दुसरी यादी पुन्हा वाचा. तिच्यातील बहुतेक कारणे खिळ्यांच्या भावाविषयी नाहीत, विकणाऱ्या माणसाविषयी आहेत. केनला शिक्षा झाली ती तो केन होता म्हणून. दुसऱ्या कुणी तोच भाव लावला असता तर एवढा गहजब झाला नसता, असे मानायला जागा आहे. कायदा मागे घ्यायचा, बाजार मोकळा सोडायचा आणि मग उसळलेला लोकक्षोभ एका ठळक माणसाच्या माथी मारायचा, याला मी न्याय म्हणणार नाही.

१२/
कोर्टानंतर चर्चची पाळी. तेथे केनने डोळ्यांत पाणी आणून आपल्या लोभी मनाची कबुली दिली. सबबही सांगितली की काही चुकीच्या तत्त्वांनी आपली दिशाभूल केली. एका मालात खोट आली तर ती दुसऱ्या मालाच्या भावातून भरून काढावी, असे आपण समजत होतो. काहींना त्याला चर्चमधून बहिष्कृत करायचे होते. शेवटी जाहीर समज देऊन प्रकरण मिटले. आणि हे घडले ते ज्या चर्चचा पाळक त्याचा साडू होता, त्याच चर्चमध्ये.

१३/
या निमित्ताने जॉन कॉटन या विद्वान उपदेशकाने व्यापारनीतीवर प्रवचन दिले. त्याने ज्या समजुती खोट्या ठरवल्या त्या अशा: शक्य तितके स्वस्त घ्यावे आणि शक्य तितके महाग विकावे, समुद्रात माल बुडाला तर उरलेल्याचा भाव वाढवावा, आपण महाग घेतले म्हणून, बाजार उतरला तरी, महागच विकावे, दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा निकडीचा लाभ उठवावा. आजच्या बाजारात यांतल्या किती गोष्टी व्यवहारचातुर्य म्हणून गणल्या जातात, हे सांगायला नकोच.

१४/
कॉटनचे स्वतःचे नियमही त्याने दिले. चालू भावापेक्षा अधिक घेऊ नये. अडाणीपणाने तोटा झाला तर तो आपला दोष. जहाज बुडाले तर तो देवाने त्या व्यापाऱ्याला दिलेला दंड. तो ग्राहकावर ढकलू नये. मात्र वस्तूचीच टंचाई असेल तर भाव वाढवता येतो, कारण तेव्हा देवाचा हात व्यक्तीवर नसून वस्तूवर असतो.

१५/
या नियमांची नैतिक उंची मला मान्य आहे, पण त्यांतली अडचणही स्पष्ट दिसते. जहाज बुडाले की व्यापाऱ्याचे नुकसान होते आणि त्याच वेळी गावात मालाची टंचाईही होते. मग पहिला नियम लावायचा की दुसरा? शिवाय ज्या वसाहतीत खिळासुद्धा परदेशातून येतो, तेथे टंचाई हीच रोजची अवस्था. म्हणजे ग्राहकाला संरक्षणाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या घडीला कॉटनचा नियम दार उघडून देतो. विन्थ्रॉप म्हणाला होता तो निश्चित नियम प्रवचनानंतरही सापडला नव्हता.

१६/
केनची बाजू त्याच्या मृत्युपत्रात आहे आणि ती अगदी दुकानदाराची आहे. खिळ्यांचा भाव, लगामाचा भाव, सोनेरी बटणांचा भाव तो एकेक करून मांडतो. बटणे लंडनमध्येच डझनाला दोन शिलिंगांहून महाग पडली होती, त्याने ती दोन शिलिंग नऊ पेन्सना विकली, आणि ज्यांनी तक्रार केली त्यांनी त्या बटणांचे पैसेच दिले नाहीत! उधारीवर नेलेल्या मालाचा भाव महाग वाटावा, हा अनुभव जगभरच्या दुकानदारांना परिचित आहे. पण दुसरे याहून महाग विकतात, हा त्याचा आणखी एक युक्तिवाद मला पटत नाही. रोग सर्वत्र आहे म्हणून तो आरोग्य ठरत नाही.

१७/
आता ती डुकरीण. १६३६ मध्ये एक भटकी डुकरीण केनकडे आली. त्याने दवंडी पिटवली, मालक पुढे आला नाही. वर्षभराने त्याने आपली एक डुकरीण मारली. तेव्हा शर्मन नावाच्या माणसाची पत्नी म्हणू लागली की मारलेली डुकरीण माझी होती. इतिहासात ती ‘गुडी शर्मन’ म्हणून ओळखली जाते. गुडी हे सामान्य घरातील विवाहितेला लावायचे संबोधन. चर्चने केनला निर्दोष ठरवले. ज्यूरीने निर्दोष ठरवून वर खर्चही देववला. केन तेवढ्यावर थांबला नाही; त्याने मानहानीचा दावा लावला आणि २० पौंड मिळवले.

१८/
येथे केनची चूक मला मोठी वाटते. निर्दोष ठरल्यावर गरीब घरातल्या बाईकडून २० पौंड वसूल करायला निघालेला श्रीमंत व्यापारी लोकांच्या मनातून उतरणारच. १६४२ मध्ये प्रकरण पुन्हा जनरल कोर्टापुढे आले आणि जवळजवळ सात दिवस चालले. गुडी शर्मनच्या बाजूने दोन मॅजिस्ट्रेट आणि पंधरा लोकप्रतिनिधी. केनच्या बाजूने सात मॅजिस्ट्रेट आणि आठ लोकप्रतिनिधी. सात लोकप्रतिनिधी द्विधा मनःस्थितीत.

१९/
बेरीज करा. सतरा विरुद्ध पंधरा. डोकी मोजली तर गुडी शर्मन पुढे. पण मॅजिस्ट्रेटांचे बहुमत विरोधात होते आणि आपल्या संमतीविना निर्णय होऊ शकत नाही, असा त्यांचा दावा होता. मूठभर वरिष्ठांना बहुतांच्या निर्णयावर नकाराधिकार असावा का? या वादाची परिणती १६४४ मध्ये झाली: मॅजिस्ट्रेट आणि लोकप्रतिनिधी यांची दोन वेगळी सभागृहे झाली आणि कायद्यासाठी दोन्हींची संमती आवश्यक ठरली. एका डुकरिणीमुळे द्विगृही विधिमंडळ जन्मले, असे गमतीने म्हटले जाते. वस्तुतः डुकरीण निमित्त होती. ज्या फुटीचा उल्लेख आपण ९व्या भागात केला ती आधीपासूनच तेथे होती.

२०/
लोकक्षोभाला आर्थिक पार्श्वभूमीही होती. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधील राजकीय वारे बदलले आणि स्थलांतर थांबले. नवे लोक येईनात, तशी गुरांना आणि धान्याला गिऱ्हाईक मिळेना. गाईंचे भाव कोसळले. शेतकऱ्याचा माल मातीमोल आणि दुकानातला विलायती माल महाग, अशा काळात दुकानदार हा शत्रू वाटू लागतो. वसाहतीला केन हवा होता, कारण त्याच्याविना खिळा मिळत नव्हता. आणि तो डोळ्यांत सलत होता, कारण खिळा त्याच्याकडूनच घ्यावा लागत होता.

२१/
१ ऑगस्ट १६५३ रोजी केनने मृत्युपत्र लिहायला घेतले आणि ते पुरे व्हायला काही महिने लागले. दप्तरातील नोंदवहीत त्याने १५० हून अधिक पाने व्यापली आहेत. संपत्तीची वाटणी त्यात आहेच. पण मुख्यतः ते चौदा वर्षांपूर्वीच्या त्या निकालाला दिलेले उत्तर आहे. मी श्रीमंत आहे हे खरे, पण जमाखर्च तपासा, यांत अन्यायाचा पैसा दाखवा, असे जणू तो मरणोत्तर आव्हान देतो. हातचे लिहिलेले बायबलवरील भाष्याचे चार ग्रंथ तो मुलासाठी ठेवतो आणि त्यांना इतर मालमत्तेहून मोलाचे मानतो.

२२/
त्याच मृत्युपत्रात त्याने बॉस्टनला सभागृह, बाजार आणि पाण्याची सोय यांसाठी ३०० पौंड ठेवले. ज्या गावाने आपल्याला अपमानित केले त्यालाच दिलेले हे दान. हे औदार्य की आपल्या नावावरचा डाग पुसण्याचा प्रयत्न? मला दोन्ही वाटते, आणि त्यात विसंगती दिसत नाही. १६५२ मध्ये मद्यपानाच्या आरोपावरून त्याला न्यायपदही सोडावे लागले होते. आयुष्याच्या अखेरीस त्याच्यापाशी पैसा होता, गेलेली पत मात्र हवी होती. २३ मार्च १६५६ रोजी तो मरण पावला.

२३/
येथे साधनांविषयी एक गोष्ट. हे सारे आपल्याला मुख्यतः कोर्टाच्या नोंदी, विन्थ्रॉपची रोजनिशी आणि केनचे मृत्युपत्र यांतून कळते. लिहिणारे सारे पुरुष, सारे गावातले वजनदार. गुडी शर्मनने रोजनिशी मागे ठेवलेली नाही. केनचे १५० पानांचे समर्थन वाचताना त्याच्याविषयी सहानुभूती वाटू लागते. ती वाटावी म्हणूनच ते लिहिलेले आहे. ज्याचा कागद टिकला त्याची बाजू मोठी दिसते, हा विवेक वाचताना सोडू नये.

२४/
आणि आता त्या मृत्युपत्रातील तीन नावे: रिचर्ड, ग्रेस आणि झिपोरा ही मुलगी. केनच्या घरातील ही कृष्णवर्णीय माणसे. त्यांना त्याने किरकोळ रकमा ठेवल्या. फेब्रुवारी १६३८ मध्ये ‘डिझायर’ नावाचे जहाज कॅरिबियनमधून कापूस, तंबाखू आणि आफ्रिकी बंदी घेऊन बॉस्टनला आले होते. म्हणजे केनच्या खिळ्यांवर खटला चालण्याच्या दीड-पावणेदोन वर्षे आधी. १६४१ च्या कायदेसंहितेत गुलामगिरी नको, असे आधी म्हटले आणि मग युद्धात पकडलेले, स्वतःला विकणारे वा वसाहतीला विकले गेलेले परके यांचा अपवाद केला. त्या अपवादातून सारेच आत आले.

२५/
माझे मत येथे पूर्ण होते. सहा पेन्सचा नफा रास्त की आठचा, यावर त्या समाजाने कोर्टात वाद घातला, चर्चमध्ये अश्रू ढाळले, प्रवचन ऐकले. बाजाराला नीतीचा प्रश्न विचारण्याचे हे धैर्य मी लहान मानत नाही. ते आपल्याकडेही असावे. पण बंदरात माणसे उतरवली गेली तेव्हा रास्त भाव कोणता, हे कुणी विचारले नाही, आणि मुळात हा विक्रीचा माल आहे का, हेही नाही. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या केनने १५० पानांत हा हिशेब मांडला नाही, आणि त्याच्या कोर्टानेही तो मागितला नाही.

२६/
१६७० मध्ये झिपोरा पॉटर नावाच्या मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीने बॉस्टनमध्ये स्वतःच्या नावे घर विकत घेतले. केनच्या मृत्युपत्रातील मुलगी ती हीच, असे संशोधक मानतात. केनच्या पैशातून आरंभलेले सभागृह १६५८ पर्यंत उभे राहिले आणि १७११ च्या आगीत जळाले. त्या जागी १७१३ मध्ये बांधलेली इमारत, ओल्ड स्टेट हाउस, आजही उभी आहे. १७७६ मध्ये तिच्याच सज्जातून बॉस्टनकरांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला.

२७/
मित्रहो, शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. १६४२ च्या त्या सात द्विधा प्रतिनिधींत तुम्ही बसला आहात असे समजा. एका बाजूला दोनदा निर्दोष ठरलेला, पण मनाने कठोर झालेला व्यापारी; दुसऱ्या बाजूला पुरावा अपुरा असलेली, पण दंडाखाली दबलेली बाई. तुमचे मत कोणाला? कारणासह लिहा. ‘तो श्रीमंत होता’ किंवा ‘ती गरीब होती’ एवढेच कारण मात्र चालणार नाही. त्या कोर्टातही नेमके तेच चालले होते.